नाताळ दारात आला, मनात काहीच नाही

पत्र

प्रिय ताई,

मी वसईतल्या एका गावात राहते. पन्नाशी उलटली. मिस्टर सकाळच्या लोकलने जातात ते रात्री दहाला घरी. मुलगा कॅनडात, टोरंटोजवळ. सासूबाई दीड वर्ष अंथरुणावर आहेत, त्यांचं सगळं मलाच करावं लागतं. डिसेंबर लागला की माझ्या पोटात गोळा येतो. नेवऱ्या, कुलकुल, केक, घराची साफसफाई, गव्हाणीचा देखावा, पाहुणे. गेल्या वर्षी शेजारणीला सासूबाईंजवळ बसवून देवळात मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे उपासनेला गेले. सगळे गात होते आणि माझं लक्ष घड्याळाकडे, की त्या जाग्या झाल्या असतील का. फादर म्हणाले, देवाने आपल्यावर एवढं प्रेम केलं की त्याने आपला पुत्र दिला. मला काहीच वाटलं नाही. घरी येऊन रडले.

आणखी एक. धाकट्या दिराशी वाडीच्या वाटणीवरून चार वर्षं बोलणं नाही. ते आईला बघायलाही येत नाहीत. तेव्हापासून मी कुमसारला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, गेलेले नाही. मनातून क्षमा होत नाही तर जायचं कशाला? त्यामुळे मिस्सेतली पवित्र भाकरी, ख्रिस्तप्रसादही घेत नाही, बाकावर बसून राहते. लोक बघतात.

नाताळात आनंद न वाटणं हे पाप आहे का? देवाचं प्रेम म्हणतात ते मला का जाणवत नाही? आणि सासूबाईंना ख्रिस्तप्रसादाची फार ओढ आहे, पण त्यांना गिळताना त्रास होतो. त्याचं काय करावं तेही सांगा.

— एक बहीण, वसई

उत्तर

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. नाही, हे पाप नाही. पापाला माणसाची जाणूनबुजून दिलेली संमती लागते, हे आपण पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीच्या वर्गातच शिकलो. दीड वर्ष रात्री दोनदोनदा उठणाऱ्या बाईच्या मनात ऐन मिस्सेत उल्हास दाटून आला नाही, यात तिने कशाला संमती दिली? मी धर्मगुरू नाही, पण एवढं सांगायला धर्मगुरू लागत नाही.

तुमचं पत्र वाचताना मला एक गोष्ट खटकली. नेवऱ्या, केक, साफसफाई, पाहुणे या यादीत तुम्ही आनंदही धरला आहे. पंचवीस तारखेच्या आत तयार करून ताटात मांडायचा आणखी एक पदार्थ. तो जमला नाही म्हणून तुम्ही स्वतःला नापास करताय. दोष तुमचा एकटीचा नाही. एक तारखेपासून दुकानांत घंटा वाजायला लागतात, फोनवर चकाकणारे संदेश येतात, आणि खरं सांगू का, आपल्याकडची काही प्रवचनंही असा आव आणतात की जो हसत नाही त्याचा विश्वास कच्चा.

लूकच्या शुभवर्तमानात पहिला नाताळ कुणाला कळला, आठवा. बेथलेहेम झोपलं होतं. जागे होते ते मेंढपाळ, आणि तेही प्रार्थनेसाठी नाही. रात्रीची पाळी होती म्हणून. कळपावर नजर ठेवायची, कोकरू भरकटलं तर आणायचं, लांडग्याची चाहूल घ्यायची. त्यांना देवदूत दिसला तेव्हा त्यांना आधी काय वाटलं? भीती. लूकने लपवलेलं नाही. मग देवदूताने मोठ्या आनंदाची बातमी सांगितली आणि खूण दिली: बाळंत्यात गुंडाळलेलं, गव्हाणीत ठेवलेलं बाळ. बास. ते उठले, गेले, पाहिलं. देवाची स्तुती करत परत फिरले ते त्यानंतर. आणि परत फिरले ते कुठे? कळपाकडेच.

तुम्हाला मिस्सेत घड्याळ दिसत होतं, कारण तुम्ही पाळीवर होतात. देवळातल्या बाकावर बसूनही पाळीवरच होतात. त्या रात्रीची बातमी ज्यांना प्रथम सांगितली गेली त्यांचीही अवस्था काही फार वेगळी नव्हती.

मरियेचं बघा. नाझरेथहून बेथलेहेम म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटरची वाट, नववा महिना, उतरायला जागा नाही, जनावरांच्या चाऱ्याच्या गव्हाणीत बाळ. मेंढपाळ येऊन गेल्यावर ती गायली, नाचली, असं लूक म्हणत नाही. तिने या सगळ्या गोष्टी मनात जपून ठेवल्या आणि त्यांवर विचार करत राहिली, एवढंच तो लिहितो. आपल्या गव्हाणीतल्या मूर्तीला मात्र आपण कायम गोड हसताना रंगवतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला जास्त अवघड वाटतो: प्रेम जाणवत का नाही?

यासाठी एका मुलीची गोष्ट सांगते. लिझ्यूची संत तेरेझा आपल्या बहुतेक देवळांत आहे, हातात क्रूस आणि गुलाब घेतलेली. तिची आई वारली तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. त्यानंतर हसरी तेरेझा कमालीची हळवी झाली. शब्द लागला की रडायची, आणि रडले म्हणून परत रडायची, असं तिने स्वतःच लिहून ठेवलंय. १८८६ चा नाताळ. तेराव्या वर्षाची अखेर, चौदावं लागायला आठवडाभर. मध्यरात्रीची मिस्सा आटोपून घरी आले. फ्रान्समध्ये लहान मुलांचे बूट शेकोटीपाशी ठेवायची रीत होती, त्यात भेटवस्तू भरलेल्या असत. ती घरातली धाकटी, म्हणून तिच्यासाठी ती रीत अजून चालू होती. वडील दमलेले होते. बूट बघून ते वैतागून म्हणाले, बरं झालं, हे शेवटचंच वर्ष. ती जिन्यावर होती. तिने ऐकलं. डोळे भरले. बहीण सेलिन म्हणाली, आत्ता खाली जाऊ नकोस, अजून रडशील.

ती डोळे पुसून खाली गेली, वडिलांसमोर बसली आणि एकेक भेट बाहेर काढून हसू लागली. वडीलही हसले. एवढंच घडलं. बाहेरून बघणाऱ्याला कळणारही नाही. पण त्या रात्री आपल्यात प्रीती शिरली, स्वतःला विसरायची गरज वाटू लागली आणि तेव्हापासून आपण आनंदी झालो, असं तिने पुढे लिहिलं. त्या रात्रीला ती स्वतःचं परिवर्तन म्हणते.

ही गोष्ट नाताळात पुष्कळदा सांगतात आणि इथेच थांबवतात. मला तिचा उरलेला भाग तुम्हाला सांगायचाय. तेरेझा पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेली, तिला क्षयरोग झाला, आणि १८९६ च्या ईस्टरच्या सुमारास तिच्या मनात असा अंधार पसरला की स्वर्ग आहे यावरचा विश्वासही जाणवेनासा झाला. पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या ३० तारखेला, चोविसाव्या वर्षी, ती गेली. म्हणजे तिच्या आयुष्यातला शेवटचा नाताळ, १८९६ चा, त्या अंधारातच गेला. ज्या मुलीला दहा वर्षांपूर्वीच्या नाताळाने आनंद दिला तिलाच. तेव्हा तिने काय केलं? गाता येत होतं तोवर गायली, आजारपणातही मठात जमेल तेवढं काम केलं, कटकट करणाऱ्या सिस्टरशी गोड बोलली. जे जाणवत नाही ते धरून ठेवलं. पवित्र सभेने, म्हणजे चर्चने, १९२५ मध्ये तिला संत म्हणून जाहीर केलं तेव्हा त्या अंधाराचे गुण कापून घेतले नाहीत.

मदर तेरेसांचंही तसंच. हसऱ्या चेहऱ्यामागे कित्येक वर्षं देवाची जवळीक जाणवत नव्हती, हे त्यांच्या पत्रांतून २००७ मध्ये जगाला कळलं. तेव्हा त्यांना संतपद मिळायचं होतं. ते २०१६ मध्ये मिळालं.

नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या तिसऱ्या रविवारी फादर गुलाबी झगा घालतात, पुष्पचक्रातली गुलाबी मेणबत्ती लागते. आनंदाचा रविवार. त्या दिवसाच्या प्रवेशगीतात सर्वदा आनंद करा असं जे संत पौलाचं वाक्य आहे, ते त्याने तुरुंगातून लिहिलेलं. आणि वाचनांचं जे तीन वर्षांचं चक्र असतं, त्यातल्या मत्तयच्या वर्षी त्या आनंदाच्या रविवारी शुभवर्तमान कुठलं? तुरुंगातला बाप्तिस्मा करणारा योहान निरोप धाडून येशूला विचारतो, येणारा तो तूच ना, की आम्ही दुसऱ्याची वाट बघू? ज्याने नदीकाठी येशूकडे बोट दाखवलं त्यालाच शंका. येशू त्याला रागावत नाही. विश्वास वाढव असंही म्हणत नाही. तो म्हणतो, जे बघताय, ऐकताय ते जाऊन योहानाला सांगा: आंधळे बघतात, पांगळे चालतात, गरिबांना शुभवार्ता कळते.

म्हणून तुम्हालाही मी तेच सांगेन. काय वाटतंय ते थोडे दिवस तपासूच नका. काय घडतंय ते बघा. शेजारीण नाताळच्या रात्री स्वतःचं घर सोडून तुमच्या सासूबाईंजवळ बसली. कुणी सांगितलं होतं तिला? तुमच्याच पत्रात ती अर्ध्या ओळीत येऊन जाते, तुम्ही तिच्यावर थांबलाही नाहीत. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आपलं पहिलं परिपत्रक देव प्रीती आहे या विषयावर लिहिलं आणि त्यावर सही केली २५ डिसेंबर २००५ रोजी, नाताळच्या दिवशी. त्याचा अर्धा भाग देवाच्या प्रेमावर आहे आणि अर्धा पवित्र सभेने माणसांच्या प्रत्यक्ष सेवेचं काम कसं करायचं यावर. ही दोन प्रकरणं एकाच पुस्तकात का, याचं उत्तर तुमच्या घरातल्या त्या खोलीत रोज मिळतं. देव बाळ झाला म्हणजे काय झाला? कुणीतरी भरवल्याशिवाय ज्याचं पोट भरत नाही, कुणीतरी पुसल्याशिवाय जो कोरडा होत नाही, कूस बदलायलाही ज्याला दुसऱ्याचा हात लागतो, असा झाला. तुम्ही दीड वर्ष हेच करताय.

मात्र इथे थांबून एक बोलते, नाहीतर माझंही प्रवचन होईल. बाईच्या त्यागाचं कौतुक हे पुष्कळदा घरातल्या बाकीच्यांच्या सोयीचं असतं. "सगळं मलाच करावं लागतं" हे वाक्य तुम्ही किती सहज लिहिलंत! सासूबाई तुमच्या मिस्टरांच्या आई आहेत. ते रात्री दहाला येतात हे खरं, पण रविवार आणि सुट्ट्या त्यांच्याही आहेत. आईचं अंग पुसणं, डायपर बदलणं मुलाला जमतं, शिकवावं लागतं एवढंच. हे आधी ठरवा, नाताळच्या खरेदीआधी. भांडून नको, पण हळूच सुचवूनही नको. वार आणि वेळ ठरवून सांगा. मरियेच्या नवऱ्याला, योसेफाला शुभवर्तमानात एकही वाक्य नाही, तो उठतो आणि करतो. हे मिस्टरांना वाचून दाखवलंत तरी चालेल.

फराळाचं म्हणाल तर या वर्षी एकच पदार्थ करा, सासूबाईंना आवडतो तो. बाकी विकत आणा. आपल्या गावोगावच्या बायका ऑर्डर घेऊन उत्तम कुलकुल आणि नेवऱ्या करून देतात, त्यांनाही चार पैसे मिळतील. साफसफाई फक्त सासूबाईंच्या खोलीची आणि पुढच्या खोलीची. जी पाहुणी माळ्यावरची धूळ बघायला येते तिला मी तरी चहा देणार नाही.

गव्हाण मात्र करा, आणि या वर्षी ती पडवीत नको. सासूबाईंच्या खोलीत, त्यांना मान न वळवता दिसेल अशी. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी पहिला देखावा मांडला तेव्हा त्यात विजेच्या माळा, धबधबे आणि फिरणाऱ्या चक्क्या नव्हत्या. गवत, गव्हाण, बैल आणि गाढव. त्यासमोर मिस्सा झाली आणि लोक आनंदाने घरी गेले, अशी नोंद आहे. पोप फ्रान्सिस त्याच गावी १ डिसेंबर २०१९ ला गेले आणि गव्हाणीवरच्या पत्रावर सही केली. घरांबरोबरच इस्पितळांत, तुरुंगांत, कामाच्या जागीही ती मांडा, असं त्यात आहे. तुमच्या घरातली आजाऱ्याची खोली इस्पितळही आहे आणि तुमची कामाची जागाही. आमच्याकडे गव्हाणींच्या स्पर्धा लागतात, परीक्षक फिरतात, बक्षिसं मिळतात. मुलांच्या हौसेला माझी ना नाही. तुमच्या गव्हाणीला परीक्षक सासूबाई.

मध्यरात्रीच्या मिस्सेचा हट्ट या वर्षी सोडा. नाताळच्या मिस्सा एक नाही, चार आहेत: चोवीसच्या संध्याकाळची जागरणाची, मध्यरात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. प्रत्येकीची वाचनं वेगळी. कुठल्याही एकीने कर्तव्य पुरं होतं. पहाटेच्या मिस्सेत मेंढपाळ गव्हाणीपाशी पोहोचतात ते वाचन असतं, ती मला तुमच्यासाठी योग्य वाटते. मिस्टर घरी, तुम्ही देवळात, रस्त्यावर गार हवा. आणि त्या दिवशी सासूबाईंना अचानक जास्त झालं, जाताच आलं नाही, तर तेही पाप नाही. आजारपण किंवा कुणाची शुश्रूषा अशा गंभीर कारणाने माणसाला सवलत आहे, हे धर्मशिक्षणात स्पष्ट आहे.

बाजाराचा नाताळ पंचवीसच्या रात्री संपतो. पवित्र सभेचा त्या दिवशी सुरू होतो आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे जानेवारीत जाऊन संपतो. पहिले आठ दिवस तर एकच मोठा दिवस असल्यासारखे पाळायचे. त्या आठ दिवसांत कोण कोण येतं बघा. २६ ला संत स्तेफन, दगडांनी ठेचून मारलेला पहिला रक्तसाक्षी. २८ ला हेरोदाने मारलेली बेथलेहेमची निष्पाप बाळं. आनंदाच्या ऐन आठवड्यात रडणाऱ्या आयांना पवित्र सभेने दाराबाहेर ठेवलेलं नाही. तुम्ही घरी येऊन रडलात ते कॅलेंडरला धरूनच होतं. पंचवीसला दमलात तर २९ ला गा, एक तारखेला गा. नाताळचा तारा उतरवायची घाई करू नका.

आता दीर.

चोवीसच्या संध्याकाळच्या मिस्सेत मत्तयच्या शुभवर्तमानातली वंशावळ वाचतात. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका, सगळे जांभया देतात. या वर्षी ती घरी बसून वाचा. त्यात याकोब आहे, ज्याने थोरल्या भावाचा हक्क आणि आशीर्वाद युक्तीने लाटला आणि मग वीस वर्षं त्याच्या भीतीने परमुलखात काढली. यहुदा आहे, ज्याने भावाला विकायची कल्पना मांडली. तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको. मत्तयने ही नावं यादीतून खोडली नाहीत. वाटणीवरून न बोलणारे भाऊ येशूच्या घराण्यात तुमच्या आधीपासून आहेत.

क्षमेबद्दल तुमचा एक गैरसमज आहे आणि त्यापायी तुम्ही चार वर्षं बाकावर बसून आहात. क्षमा म्हणजे राग न येणं, असं तुम्ही धरून चाललात. दुखावल्याची जाणीव पुसून टाकणं किंवा विसरणं आपल्या हातात नाही, हे पवित्र सभेच्या धर्मशिक्षणग्रंथात, प्रभूच्या प्रार्थनेच्या विवरणात लिहिलेलं आहे. आपल्या हातात आहे ती इच्छा. त्या माणसाचं वाईट व्हावं असं मी मागणार नाही, त्याच्यासाठी ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना एकदा म्हणेन, भले दात ओठ खाऊन म्हणेन. तेवढ्यापासून सुरुवात होते. आणि क्षमा केली म्हणजे वाडीवरचा हक्क सोडला असं नाही. सातबारा, मोजणी, वकील हे त्या वाटेने जाऊ द्या. तलाठ्याच्या कचेरीतला प्रश्न कुमसारात सुटत नाही आणि कुमसारातला कचेरीत.

नाताळाआधी बहुतेक धर्मग्रामांत, म्हणजे पॅरिशमध्ये, प्रायश्चित्त संस्कारासाठी, म्हणजे कुमसारासाठी, बाहेरचे फादर बोलावतात. ओळखीच्या फादरांसमोर लाज वाटत असेल तर तो दिवस गाठा. आत जाऊन एवढंच म्हणा: फादर, चार वर्षांनी आले, दिराला क्षमा करायची आहे आणि जमत नाही. पुढचं ते विचारतील. "जमत नाही म्हणून येत नाही" हा तुमचा हिशेब उलटा आहे. जमत नाही म्हणूनच तर तो संस्कार आहे. तुमच्या मनातल्या रागाचं पाप किती मोठं, ते पाप ठरतं तरी का, हे मी ठरवणार नाही, तुम्हीही एकट्याने ठरवू नका. तोवर जे बघतात त्यांना बघू दे. बाकावर बसलेल्या माणसाचं कारण देवाला विचारायचं असतं, हे त्यांना कधीतरी कळेल.

दिरांना घरी बोलवा असं मी म्हणत नाही. फराळाचं ताट पाठवा. दरवर्षी आपण आळीतल्या बिगरख्रिस्ती शेजाऱ्यांना पाठवतो, मग सख्ख्या दिराला का नको? शेजारच्या मुलाच्या हाती किंवा पुतण्याच्या हाती. सोबत चिठ्ठी: आई विचारत होत्या. वाटणीचा शब्द नको. ताट परत आलं तरी तुमच्याकडून ते गेलेलं असेल. आणि ते आले, तर त्यांना आईजवळ बसू द्या आणि तुम्ही तेवढा वेळ वाडीत एक चक्कर मारून या.

मुलाविषयी तुम्ही एकच ओळ लिहिलीत, त्यावरून कळतं किती दुखतंय. टोरंटो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. आपल्याकडे मध्यरात्र असते तेव्हा तो चोवीसच्या दुपारी दीड वाजता बहुधा कामावर असतो, म्हणून फोन अर्धवट राहतो. त्याच्याकडे मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे पंचवीसची सकाळ, साडेदहा. पहाटेची मिस्सा करून या, चहा घ्या, सासूबाईंचं आटोपा आणि त्या वेळी आजी-नातवाला फोनवर एकमेकांसमोर बसवा. गव्हाण मागे दिसू दे. तुम्ही खुर्ची घेऊन बसा, स्वयंपाकघरातून ओरडून बोलू नका.

एक गोष्ट शंका म्हणून विचारते. हे कोरडेपण नुसतं देवळातच जाणवतं की सगळीकडे? झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, आवडत्या गोष्टींतही कित्येक आठवडे मन लागत नसेल, जगूच नये असं वाटत असेल, तर ते आध्यात्मिक नाही, आजार असू शकतो, आणि त्याला डॉक्टर लागतो. मानसिक आरोग्यासाठीची सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. रोझरीही म्हणा आणि फोनही करा.

राहिला सासूबाईंचा ख्रिस्तप्रसाद. धर्मग्रामाच्या कचेरीत जाऊन आजाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव घाला. फादर किंवा नेमलेले सेवक घरी येतात, बऱ्याच ठिकाणी महिन्यातून ठरलेल्या दिवशी, आणि नाताळच्या आधी तर नक्कीच विचारा. त्याच वेळी आजाऱ्यांचा तैलाभ्यंग संस्कारही, म्हणजे पवित्र तेल लावून केलेली प्रार्थना, मागा. तो मरायला टेकल्यावरच द्यायचा असतो हा जुना समज आहे. गिळायचा त्रास फादरांना आधीच सांगा. पूर्ण भाकरी द्यावीच लागते असं नाही, अगदी लहानसा तुकडा पुरतो आणि पाठोपाठ चमचाभर पाणी देता येतं. पाण्याने ठसका लागत असेल तर काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवा. तेवढाही जात नसेल तर फादर ख्रिस्तरक्ताचा, म्हणजे मिस्सेतल्या द्राक्षारसाचा थेंब देऊ शकतात, पण त्याची तयारी करून यावं लागतं, म्हणून हे आधी बोला. त्या दिवशी उशाशी स्वच्छ कापड, क्रूस, मेणबत्ती. ख्रिस्तप्रसादाआधीच्या एक तासाच्या उपवासाची चिंता करू नका, वृद्धांना आणि आजाऱ्यांना ती अट नाही. त्याच नियमात त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही सूट दिलेली आहे. तेव्हा त्या आठवड्यात कुमसार करून या, आणि फादर घरी येतील तेव्हा सासूबाईंबरोबर तुम्हीही घ्यायचा आहे हे त्यांना दारातच सांगा, म्हणजे ते दोघींसाठी आणतील.